रंग बदलला, निरोप तोच

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांवर उपचार करताना नेत्रतज्ज्ञ बहुधा हिरवा लेसर वापरतात. अशा अनेक यंत्रांत तो प्रकाश मुळात हिरवा नसतोच. १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश एका स्फटिकातून जातो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर पडतो. दोन प्रकाशकणांची ऊर्जा एका कणात एकवटते. कंप्रता दुप्पट, तरंगलांबी निम्मी. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये लेसरची कंप्रता अशी प्रथम दुप्पट केली. नव्या रंगाचा ठिपका इतका फिका होता, की छपाईत तो डाग समजून काढला गेला; शोधनिबंधात नुसता बाण उरला!

लेसरमध्ये प्रकाशकण असंख्य. पण हाती एकच कण असेल आणि त्यात एखाद्या अणूचा क्वांटम निरोप असेल, तर?

क्वांटम जाळ्यासाठी नेमके हेच हवे आहे. रुबिडियमचा अणू निरोप जपून ठेवतो, पण तो ७८० नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो आणि हा रंग काचतंतूला मानवत नाही. एका किलोमीटरमध्ये निम्मे किंवा त्याहून अधिक कण वाया जातात. दूरसंचारातील १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश निम्मा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. नेहमीच्या केबलमध्ये क्षीण झालेला संकेत वाटेत पुन्हा वाढवता येतो. इथे ती सोय नाही. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले आहे. म्हणून निरोपाला हात न लावता फक्त रंग बदलायचा.

त्यासाठी तो एकटा कण एका प्रखर लेसरसोबत लिथियम नायोबेटच्या स्फटिकात सोडतात. त्याच्या ऊर्जेचा काही भाग त्या लेसरमध्ये मिसळतो, उरलेल्या ऊर्जेतून नव्या रंगाचा कण निघतो. क्वांटम गुणधर्म टिकवून रंग बदलण्याची कल्पना प्रेम कुमार यांनी १९९० मध्ये मांडली आणि १९९२ मध्ये जियानमिंग हुआंग यांच्यासह ती प्रयोगाने दाखवली. योगायोग असा, की त्या प्रयोगातले रंगही १०६४ आणि ५३२ नॅनोमीटरचेच होते.

खरी डोकेदुखी वेगळीच. तो प्रखर लेसर स्वतःच स्फटिकात नव्या रंगाचे भलते कण निर्माण करतो. एका खऱ्या कणाभोवती असे कण जमले, तर तपासणीत खोटा ‘पॉझिटिव्ह’ यावा तसा घोटाळा होतो. म्हणून अतिशय काटेकोर गाळण्या लावाव्या लागतात आणि त्यांत थोडे खरे कणही गमवावे लागतात.

तरीही २०२२ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी ४०० मीटर अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांतील रुबिडियमचे अणू ३३ किलोमीटरच्या काचतंतूतून एकमेकांशी ‘गुंतवले’. ७८० चा प्रकाश त्यांनी १५१७ नॅनोमीटरचा केला होता. रंग न बदलता हे केले असते, तर किलोमीटरला निम्मे या हिशेबाने ८०० कोटींहून अधिक प्रयत्नांत एखादाच तंतू पार करू शकला असता. बदललेल्या रंगात साधारण पाचातला एक पार होतो.

पुढे २०२४ मध्ये डेल्फ्ट आणि द हेग या डच शहरांमध्ये जमिनीखालच्या २५ किलोमीटर तंतूतून हिऱ्यांतील क्वांटम स्मृती जोडल्या गेल्या. तिथे या रंगबदलाचा आणखी एक उपयोग झाला. दोन हिऱ्यांचा लाल प्रकाश तंतोतंत सारखा नसतो. रूपांतर करताना तो फरकही मिटवला गेला, आणि मधल्या केंद्रावर पोहोचलेला कण कोणत्या शहरातून आला, हे ओळखता येईनासे झाले.