शाळा समिती : आपली हक्काची जागा

"शाळा सरकारची, गुरुजी सरकारचे. मग आम्ही तेथे जाऊन काय करायचे?" असे आपल्या वस्त्यांतील पुष्कळ पालक म्हणतात. मुलाचे नाव पटावर घातले की आपले काम संपले, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत किती महागात पडते, याचा विचार समाजबांधवांनी करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्राथमिक शिक्षणाचा हक्क आपणांस सहज मिळालेला नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. पुढे २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. फुल्यांच्या मागणीपासून या दिवसापर्यंत १२८ वर्षे गेली.

या कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक हे सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहणे, ही या समितीची कामे होत. थोडक्यात, बहुमत पालकांचे आहे. परंतु अनेक ठिकाणी बैठक भरतच नाही. नोंदवही घरी येते, आई चुलीपाशी बसूनच अंगठा उठवते आणि वही परत जाते. कागदावर समिती जिवंत असते, प्रत्यक्षात नसते.

"आम्ही अडाणी, आम्हाला शाळेतले काय कळणार?" हा यावरचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर शाळेच्या स्वयंपाकघरातच आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य धरलेले आहे. म्हणजे ४० मुले हजर असतील तर ४ किलो आणि ३८ असतील तर ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ शिजला पाहिजे. रोज घरी तांदूळ मापणाऱ्या माउलीला पातेल्याकडे पाहून जे कळते, ते कळायला पदवी लागत नाही.

हाच हिशेब मुलांकडून करवून घेतला तर तो गणिताचा उत्तम पाठ होतो. सकाळी हजेरी झाली की चौथीतील दोन मुलांनी संख्या फळ्यावर लिहावी, त्यावरून तांदळाचे वजन काढावे आणि ते ताजव्यात तोलून पाहावे. गुणाकार, किलो-ग्रॅम आणि दशांश अपूर्णांक हे सारे एका कामात येते. शिवाय हिशेब फळ्यावर राहिल्याने तो साऱ्यांना दिसतो. मुलांचे शिक्षण आणि शाळेवरील देखरेख, दोन्ही एकदमच साधतात.

आपल्या घरांत अशी विद्या भरपूर आहे. घराचा कोपरा काटकोनात यावा म्हणून गवंडी दोरीने एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मापतो आणि मधले तिरपे अंतर ५ फूट येते का ते पाहतो. ही भूमितीच आहे. भाजी विकणारी आई तोंडी हिशेब करून सुटे पैसे परत देते, तेही गणितच. कायद्याच्या कलम २९ मध्येही मुलांनी कृतीतून व शोधातून शिकावे, भीतीविना शिकावे आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकावे, असेच सांगितले आहे. महिन्यातून एक तास अशा पालकाला वर्गात बोलवावे. आपल्या बापाची विद्या गुरुजी फळ्यावर मांडतात, हे पाहून त्या मुलाची मान ताठ होते. असे मूल शाळा सहसा सोडत नाही.

समितीच्या बैठकीत साधेच प्रश्न विचारावेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे; ती भरते का? पट ६० पर्यंत असला तरी दोन शिक्षक हवेत. ते आहेत का? मुलींचे स्वच्छतागृह उघडे असते की कुलूपबंद? तिसरीतल्या मुलाला धडा वाचता येतो का? आणि सर्व मुले एकाच पंगतीत जेवतात का? हा शेवटचा प्रश्न लहान समजू नये. शाळेत वर्गापासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागलेल्या बाबासाहेबांनी या देशाच्या संविधानाला आकार दिला. त्यांच्या नंतरच्या पिढीतील एकाही मुलाचे ताट वेगळे मांडले जाऊ नये, हे पाहणे समितीचे कर्तव्य आहे.

याचा अर्थ गुरुजींशी भांडायला जावे, असा मुळीच नाही. दोन शिक्षकांवर पाच वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींनाही गावाचा आधार हवाच असतो. रिक्त जागेसाठी एकट्या शिक्षकाने केलेला अर्ज आणि साऱ्या समितीने केलेला ठराव यांच्या वजनात फरक पडतो.

म्हणून बंधुभगिनींनो, पुढच्या बैठकीची तारीख शाळेत जाऊन विचारा. एक दिवसाची मजुरी बुडेल, हे खरे आहे. तेव्हा वस्तीने मिळून बैठक संध्याकाळी ठेवण्याचा आग्रह धरा. वही घरी आली तर सही करू नका, "बैठकीत येऊन करते" असे सांगा. कायद्याने आपल्यासाठी जागा राखली आहे. त्या जागेवर जाऊन बसणे मात्र आपल्यालाच करावे लागेल.