अ‍ॅम्प्लिफायरची घरघर आणि तिसरी पिन

गझल रंगात यावी आणि दोन शेरांमधल्या शांततेत स्पीकरने घुंऽऽ करावे! मग कुणीतरी सल्ला देतो, प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाका. आवाज कधी कधी थांबतोही. पण आम्ही हे कुणालाच करू देणार नाही. आतली वायर सुटून लोखंडी पेटीला लागली, तर अर्थिंगअभावी करंट पेटीला हात लावणाऱ्या लेकराच्या अंगातून जाईल.

त्याऐवजी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागच्या सगळ्या इनपुट केबल काढा, मग चालू करा. घरघर गेली? मग दोष बाहेरचा. दर वेळी बंद करून एकेक केबल परत जोडा. पुष्कळदा टीव्हीची पाळी आली की आवाज परततो, कारण केबलवाल्याची तार दुसरीकडची अर्थिंग घेऊन येते आणि दोन अर्थिंगमध्ये लूप तयार होतो. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा. तरी भागले नाही, तर केबलवाल्याकडून तारेत आयसोलेटर बसवून घ्या. पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर करकर बदलत असेल, तर रेग्युलेटर बदला.

सगळ्या केबल काढूनही घरघर राहिलीच, तर संशय पॉवर सप्लायच्या जुन्या फिल्टर कपॅसिटरवर. आपली वीज ५० हर्ट्झची, ही घरघर १०० हर्ट्झची. इथे मात्र झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. पेटी मेकॅनिककडे न्या.