पेरोनीचा आजार: वक्रता, वेदना आणि उपचाराची योग्य वेळ

रायपूर शहराच्या उत्तरेला, उरला औद्योगिक वसाहतीला लागून बीरगांव वसले आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांच्या या वस्तीत कंबरदुखी किंवा भाजल्याची जखम यासाठी रजा मागता येते. शिश्नाला आलेला बाक हे कारण मात्र मुकादमालाच काय, घरातही सांगता येत नाही. ही अडचण बीरगांवपुरती नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे असोत की मुंबई-पुण्यातील सुशिक्षित वर्ग, या विषयावरील मौन सर्वत्र सारखेच आहे. त्या मौनात जे महिने निघून जातात, तेच या आजाराच्या उपचारात सर्वाधिक महत्त्वाचे असतात.

वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘पेरोनीचा आजार’ असे नाव आहे. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक फ्रान्स्वा झिगो द ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यापूर्वीच्या वैद्यकीय ग्रंथांतही अशा रुग्णांचे उल्लेख सापडतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांमध्ये प्रौढ पुरुषांतील त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे ३ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांत तो अधिक दिसतो. तथापि तरुणही त्याला अपवाद नाहीत.

बाक कशामुळे येतो?

शिश्नात रक्त साठवणाऱ्या दोन नळकांड्यांसारख्या पोकळ्या असतात. त्यांच्याभोवती ‘ट्यूनिका अल्ब्यूजिनिया’ नावाचे बळकट, पण लवचीक आवरण असते. ताठरता येते तेव्हा हे आवरण सर्व बाजूंनी सारखे ताणले जाते. संबंधाच्या वेळी शिश्न अवचित दुमडले, वा त्यावर पुन्हा पुन्हा सूक्ष्म ताण आला, तर आवरणाला बारीक इजा होते. अनेकदा ती रुग्णाच्या लक्षातही येत नाही. बहुतेकांची इजा आपोआप भरून येते. काहींच्या शरीरात मात्र भरून येण्याची ही प्रक्रिया थांबत नाही. तेथे कोलॅजन नावाचे तंतू प्रमाणाबाहेर साचतात आणि कठीण व्रणाचा पट्टा तयार होतो. या पट्ट्याला ‘प्लाक’ म्हणतात.

सायकलच्या ट्यूबला मोठे ठिगळ असेल, तर हवा भरताना तेवढा भाग ताणला जात नाही आणि ट्यूब त्या बाजूला वळते. शिश्नाचेही तसेच होते. पट्टा वरच्या बाजूस असेल तर बाक वर येतो, डाव्या बाजूस असेल तर डावीकडे. पट्टा सभोवार पसरला तर मधला भाग डमरूसारखा आवळला जातो. काही रुग्णांत लांबीही कमी होते.

मधुमेह, धूम्रपान, प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया आणि आनुवंशिकता यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे. तळहातातील पडदा आखडून बोटे आत वळतात, तो ‘ड्युप्युत्रेन’ नावाचा विकारही काही रुग्णांत सोबत दिसतो. हा आजार संसर्गजन्य नाही आणि तो कर्करोगही नाही. हस्तमैथुनाच्या सवयीचे ते ‘फळ’ असल्याची समजूत निराधार आहे.

प्रत्येक बाक हा आजारही नसतो. पुष्कळ पुरुषांत ताठरतेच्या वेळी थोडासा बाक असतो आणि तो नैसर्गिक असतो. काहींना जन्मतःच अधिक वक्रता असते. ती वयात येताना लक्षात येते आणि तिच्यात गाठ वा पट्टा नसतो. पूर्वी सरळ असलेल्या शिश्नाला नव्याने बाक येणे, हाताला कठीण पट्टा लागणे आणि ताठरतेच्या वेळी दुखणे, ही पेरोनीच्या आजाराची लक्षणे होत.

दोन अवस्था, दोन निर्णय

या आजाराच्या दोन अवस्था असतात. पहिली सक्रिय अवस्था सर्वसाधारणपणे सहा महिने ते दीड वर्ष टिकते. या काळात वेदना असते आणि बाक वाढत वा बदलत राहतो. दुसऱ्या, स्थिर अवस्थेत वेदना बहुधा ओसरते आणि बाक आहे तसा राहतो. वेदना थांबली म्हणजे आजार बरा झाला, असा समज करून घेऊ नये. बाक आपोआप कमी होणाऱ्या रुग्णांची संख्या थोडी असते. अनेकांत तो कायम राहतो किंवा वाढतो.

उपचाराचा क्रम या दोन अवस्थांवर ठरतो. व्रण अजून बदलत असताना शस्त्रक्रिया केली तर ती झाल्यावर पुन्हा बाक येऊ शकतो. म्हणून आजार सुरू होऊन साधारणतः वर्ष उलटल्याशिवाय आणि बाक किमान तीन महिने स्थिर राहिल्याशिवाय शस्त्रक्रिया केली जात नाही. याचा अर्थ पहिल्या वर्षात स्वस्थ बसावे असा नाही. वेदनेवर औषध देणे, बाकाचे मोजमाप नोंदवणे, मधुमेह आटोक्यात आणणे, ताठरतेची अडचण असल्यास तिच्यावर उपचार करणे ही कामे याच काळात करायची असतात.

तपासणी कशी होते?

मूत्ररोगतज्ज्ञ प्रथम रुग्णाची माहिती घेतात आणि हाताने पट्टा तपासतात. बाक केवळ ताठरतेच्या वेळी दिसत असल्याने रुग्णाने घरी वरून व बाजूने काढलेली छायाचित्रे उपयोगी पडतात. शस्त्रक्रिया वा इंजेक्शनाचा विचार असेल तर रुग्णालयात औषध टोचून ताठरता आणली जाते आणि कोनमापकाने अंश मोजले जातात. सोनोग्राफीत पट्ट्याचा आकार, त्यात कॅल्शियम साचले आहे किंवा नाही आणि रक्तप्रवाह कसा आहे, हे कळते. तुकडा काढून तपासण्याची सहसा गरज भासत नाही.

एक स्थिती मात्र तातडीची समजावी. संबंधाच्या वेळी ‘कट’ असा आवाज होऊन ताठरता एकदम गेली, सूज आली आणि त्वचा काळीनिळी पडली, तर आवरण फाटलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपचारांत काय टिकले, काय मागे पडले?

ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या या आजारावर अनेक दशके दिल्या गेल्या. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ई जीवनसत्त्व, टॅमॉक्सिफेन आणि ओमेगा-३ मेदाम्ले देऊ नयेत असे स्पष्ट केले. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. बाहेरून देण्यात येणाऱ्या ध्वनिलहरींच्या उपचाराने वेदना कमी होऊ शकते, परंतु बाक सरळ होत नाही, असेही त्यांत नमूद आहे.

पट्ट्यात इंजेक्शन देण्याचा मार्ग अधिक उपयुक्त ठरला आहे. कोलॅजन विरघळवणाऱ्या ‘कोलॅजिनेज’ या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता दिली. हाताला लागणारा पट्टा आणि किमान ३० अंशांचा बाक असलेल्या रुग्णांसाठी ती मान्यता होती. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत औषध मिळालेल्या रुग्णांचा बाक सरासरी ३४ टक्क्यांनी, तर निष्क्रिय इंजेक्शन मिळालेल्यांचा १८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे ७० अंशांचा बाक सरासरीने सुमारे ४६ अंशांवर येतो. तो नाहीसा होत नाही. क्वचित या औषधाने आवरण फाटण्याचाही धोका असतो. व्हेरापामिल आणि इंटरफेरॉन यांची इंजेक्शनेही काही ठिकाणी दिली जातात. त्यांचा गुण रुग्णागणिक कमी-अधिक येतो. शिश्नाला ठरावीक वेळ हलका ताण देणारी उपकरणे नियमित वापरल्यास बाक व लांबी यांत काही सुधारणा दिसल्याचे अभ्यास आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावीत.

स्थिर झालेल्या आणि संबंधात अडथळा आणणाऱ्या बाकावर शस्त्रक्रिया हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात बाकाच्या विरुद्ध बाजूच्या आवरणाला टाके घालून वा त्याची लहान चकती काढून दोन्ही बाजू समान केल्या जातात. अमेरिकी शल्यचिकित्सक रीड नेस्बिट यांनी १९६५ मध्ये जन्मजात वक्रतेसाठी मांडलेली पद्धत याच प्रकारची आहे. यात बाक जातो, पण लांबी थोडी कमी होते. दुसऱ्या प्रकारात पट्ट्याच्या जागी छेद देऊन तेथे कलम लावतात. मोठ्या बाकासाठी ही पद्धत योग्य असली, तरी नंतर ताठरता कमी होण्याचा धोका तुलनेने अधिक असतो. तिसरा प्रकार कृत्रिम आधार बसवण्याचा असून, ज्यांना औषधांनीही ताठरता येत नाही अशा रुग्णांसाठी तो राखून ठेवला जातो. शस्त्रक्रियेपूर्वी लांबी, संवेदना आणि ताठरता यांत कोणता बदल संभवतो, हे रुग्णाने डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

आजारासह जगताना

प्रत्येकाला उपचार लागतोच असे नाही. बाक थोडा असेल, वेदना नसेल आणि दोघांनाही संबंधात अडचण नसेल, तर वेळोवेळी तपासणी पुरेशी असते. बाक हाताने जोर लावून सरळ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये; त्याने नवी इजा होते. संबंधात जोडीदाराला दुखत असल्यास स्थिती बदलावी आणि घाई टाळावी. वीर्यातील शुक्राणूंच्या निर्मितीवर या आजाराचा परिणाम होत नाही.

मनावरचा घाव बहुधा शरीरावरच्या घावापेक्षा मोठा असतो. या रुग्णांत नैराश्य लक्षणीय प्रमाणात आढळते. पती दूर राहू लागला की पत्नीच्या मनात संशय येतो किंवा दोष आपलाच असे तिला वाटू लागते. म्हणून पहिल्या वा दुसऱ्या भेटीला दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जाणे हिताचे ठरते.

मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३ पर्यंत चालवले आणि त्यापायी खटलेही सोसले. तरीही भिंतींवरील ‘गुप्तरोग’ उपचारांच्या जाहिराती आजही रुग्णांना तज्ज्ञांआधी गाठतात. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. अशा ठिकाणी तेले, लेप आणि चूर्णे यांवर पैसा खर्च होतोच. त्याहून मोठी हानी म्हणजे सक्रिय अवस्थेचा काळ निघून जातो. आवरणातील व्रण बाहेरून चोळलेल्या तेलाने विरघळत नाही.

बीरगांवच्या रहिवाशांसाठी रायपुरातच टाटीबंध येथील एम्स आणि दाऊ कल्याण सिंह सुपर स्पेशालिटी रुग्णालय या शासकीय संस्थांत मूत्ररोग विभाग आहेत. इतरत्र जिल्हा रुग्णालयातील शल्यचिकित्सक वा वैद्यकीय महाविद्यालय येथून सुरुवात करता येते. जाताना आजार कधी सुरू झाला, वेदना कधी होते, बाक वाढतो आहे का, मधुमेह वा अन्य औषधे चालू आहेत का, एवढी टिपणे आणि छायाचित्रे सोबत न्यावीत. खिडकीवर सर्वांसमोर आजाराचे नाव सांगण्याची गरज नसते. ‘मूत्ररोग विभागात दाखवायचे आहे’ एवढे म्हटले तरी केसपेपर निघतो.