शर्यतीची मोटार घरच्या काट्यावर
शर्यतीची मोटार उजवीकडे सहज वळते, डावीकडे मात्र घसरते. तेव्हा दोष अनेकदा चालकाचा नसून चाकांवरील भाराच्या वाटणीचा असतो. ही वाटणी घरीही तपासता येते. चाकांखाली चार वजनकाटे हवेत; पण त्यांहून महत्त्वाची जमीन. काटे एका पातळीत नसतील तर आकडे फसवे ठरतात. गवंड्याची पाण्याची नळी लावून सखल काट्याखाली पातळ फरशा सरकवाव्यात. टायरमधील हवा नेमकी करावी, अँटी-रोल बार सोडवावा, आसनावर चालकाइतके वजन ठेवावे.

पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक मिळून एकूण वजनाच्या ५० टक्के भार हवा. नसल्यास स्प्रिंगची आट्यांची चकती फिरवावी. एक कोपरा उचलला की त्याच्यासह तिरप्या कोपऱ्याचाही भार वाढतो. डाव्या-उजव्या बाजूंची वाटणी मात्र स्प्रिंगने बदलत नाही. त्यासाठी बॅटरीसारखी जड वस्तूच हलवावी लागते.