पक्षाघातानंतर रुग्णाला उठवायचं कधी?

‘जितक्या लवकर उठवाल तितकं बरं,’ असं बऱ्याच डॉक्टरांनाही वाटत होतं. २०१५ साली ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि या समजाला धक्का बसला. मेलबर्नच्या ज्यूली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखाली पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर ही चाचणी झाली. एका गटाला पहिल्या २४ तासांतच उठवून पुन्हापुन्हा बसवलं, उभं केलं, चालवलं. दुसऱ्याला नेहमीचे उपचार दिले. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण पहिल्या गटात ४६ टक्के होते, दुसऱ्यात ५०. घाई नडली!

म्हणून रुग्णाला आठवडाभर पडून राहू द्यावं, असं मात्र नाही. नेहमीच्या उपचारांतलेही निम्म्याहून अधिक रुग्ण २४ तासांत अंथरुणातून उठले होते. प्रश्न मात्रेचा आहे. याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा उठवणं फायद्याचं दिसलं.

आपल्याकडे १४ रुग्णालयांत झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत रुग्णाकडून करून घ्यायचे व्यायाम नातेवाइकांना शिकवून पाहिले. सहा महिन्यांनंतरच्या परावलंबित्वात फरक पडला नाही (२०१७). फिजिओथेरपिस्टला पर्याय इतका स्वस्तात मिळत नाही.

नातेवाइकांनी दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत रुग्णाला घोटभर पाणीही देऊ नका, कारण ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.