सोडियमच्या घरातली डागडुजी

सुरतेहून भरूचकडे निघालं की खंभातच्या आखाताकाठी मिठागरं लागतात. देशातलं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातचं, त्यामुळे सोडियमच्या बॅटरीचा विषय निघाला की इथं सगळे म्हणतात, कच्चा माल तर दारातच आहे. गेल्या चार दशकांचा मागोवा घेतला तर दिसतं, की सोडियम मिळण्याची अडचण कधीच नव्हती. त्याला राहायला टिकाऊ घर मिळत नव्हतं.

हे घर म्हणजे कॅथोडमधला, म्हणजे बॅटरीच्या धन टोकातला, थरांचा ऑक्साइड. धातू आणि ऑक्सिजनच्या थरांमध्ये सोडियमचे आयन बसतात. चार्ज करताना बाहेर पडतात, वापरताना परततात. 1980 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत क्लोद देलमास आणि सहकाऱ्यांनी या रचनांचं वर्गीकरण केलं. त्यातल्या 'ओ3' प्रकारात सोडियम जास्त मावतो, 'पी2' प्रकारात तो सहज हलतो. 1991 मध्ये सोनीची लिथियम बॅटरी बाजारात आली आणि सोडियम मागे पडला.

2001 मध्ये कॅनडात जेफ डान यांच्या गटानं निकेल-मँगनीजचा पी2 ऑक्साइड तपासला, तेव्हा दुखणं नेमकं कळलं. जास्त व्होल्टेजला बराचसा सोडियम निघून गेला की थर सरकतात आणि स्फटिक आकसतो. वारंवार असं झालं की त्याला तडे जातात. पुढची सुधारणा याच जागी झाली. थोडं मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम मिसळलं की थर सावरतात. 2012 मध्ये टोकियोत कोमाबा आणि याबुउची यांनी लोह-मँगनीजचा पी2 ऑक्साइड दाखवला, म्हणजे महाग निकेल-कोबाल्टशिवायही असा कॅथोड बनू शकतो हे दिसलं. दमट हवेत मात्र या ऑक्साइडच्या भुकटीवर सोडा साचतो आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लावायचा लगदा घट्ट होतो. चिनी संशोधकांनी तांबं मिसळून ही भुकटी हवेत टिकवली.

भारतात हा विषय उशिरा आला. रिलायन्सनं 2021च्या अखेरीस ब्रिटनची फॅराडियन कंपनी 10 कोटी पौंडांच्या मूल्याला घेण्याचं जाहीर केलं. तिचा कॅथोडही निकेल, मँगनीज, मॅग्नेशियम, टायटॅनियमच्या थरांचाच. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं आयसर या संशोधन संस्थेच्या साथीनं सोडियम बॅटरीचं तंत्र मांडलं: किलोला 100 ते 170 वॅट-तास, चार्जिंगची 3,000 ते 6,000 चक्रं. दरम्यान लिथियमचे भाव कोसळले, त्यामुळे नुसत्या स्वस्ताईचा दावा पुरेसा राहिला नाही.

म्हणून मिठाच्या भरवशावर बसू नये. सुरतेच्या सचिन-पांडेसरा औद्योगिक वसाहतींत रसायनं हाताळणारे हात आहेत, शहरात एसव्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेतही न बिघडणारी भुकटी इथं तयार झाली, तरच दारातल्या मिठाचं मोल होईल.