बॉयलर ठणठणीत, पण मुदत संपलेली

दसऱ्याच्या आगेमागे नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम होतात. पूजा होते, भाषणे होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे बॉयलरची तपासणी करून दिलेले प्रमाणपत्र. त्याची मुदत साधारणपणे बारा महिने. मुदत संपली म्हणून बॉयलरला काही भोक पडत नाही. कालच्याइतकीच वाफ तो आजही देईल, फक्त तो चालवायची परवानगी उरत नाही.

असाच एक कागद मोबाइल ॲपच्या सर्व्हरमध्ये असतो. पतसंस्थेचा ‘हप्ता भरला’, शाळेचा ‘उद्या सुट्टी’, कांद्याच्या भावाचा निरोप हे सगळे त्या कागदावर चालते.

आपल्याला वाटते, संस्थेचा सर्व्हर थेट आपल्या फोनला निरोप देतो. तसे नसते. प्रत्येक ॲप आपापल्या सर्व्हरशी सतत बोलत बसले, तर बॅटरी दुपारीच मान टाकेल. म्हणून ॲपलने 2009 मध्ये एक मधली व्यवस्था सुरू केली. आयफोन ॲपलच्या सर्व्हरशी एकच जोडणी उघडी ठेवतो आणि सगळ्या ॲपचे निरोप त्याच वाटेने येतात. गावाला एकच पोस्टमन, तसे. अँड्रॉइडसाठी हे काम गुगल करते. पोस्टमनची पिशवी मात्र लहान आहे. साध्या निरोपाला 4096 बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह त्यातले तीन बाइट खाते.

पतसंस्थेचा सर्व्हर ॲपलच्या दारात जातो, तेव्हा ‘मी अमुक ॲपचाच’ हे त्याला सिद्ध करावे लागते. त्यासाठी सर्टिफिकेट. त्यात ॲपची ओळख, एक सार्वजनिक किल्ली, ॲपलची डिजिटल सही आणि ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असा मजकूर असतो. मुदत सुमारे वर्षाची. ती टळली की निरोप आत घेतलाच जात नाही.

खरी गोम पुढे आहे. ॲप उघडते, खात्यातली शिल्लक दिसते, पैसेही जातात. बंद पडतात ते फक्त निरोप. न आलेल्या निरोपाची तक्रार कोण करणार? चूक नोंदली जाते ती सर्व्हरच्या लॉगमध्ये, आणि लॉग वाचायला कोणी बसलेले नसते.

सुट्टीचा निरोप चुकला तर मुले शाळेच्या फाटकावरून परत येतील. पण पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरात वीज पडण्याचा इशारा देते, आणि मोकळ्या रानात उभ्या माणसासाठी तो वेळेवर पोहोचण्यालाच अर्थ असतो. 2023 मध्ये सरकारी चाचणीच्या वेळी देशभर फोन एकाएकी किंचाळले, तो इशारा निराळ्या वाटेचा होता. तो मोबाइल टॉवरवरून सरसकट सोडला जातो, त्याला ना ॲप लागते ना इंटरनेट.

नूतनीकरण तसे अर्ध्या तासाचे काम. नवा अर्ज तयार करायचा, ॲपलच्या संकेतस्थळावर चढवायचा, आलेले सर्टिफिकेट खासगी किल्लीसह सर्व्हरवर ठेवायचे, सेवा पुन्हा सुरू करायची. अडते ते माणसापाशी. खाते ज्याच्या नावावर, तो नोकरी सोडून गेलेला असतो. शाळेचे किंवा कंपनीचे आयपॅड एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत तर हे फारच महागात पडते. तिथले सर्टिफिकेट मूळ ॲपल खात्यातूनच नूतन करावे लागते. दुसऱ्या खात्यातून नवे काढले, तर एकेक आयपॅड हातात घेऊन पुन्हा नोंदवत बसायचे.

या चुका लहानांच्याच असतात असे नाही. 6 डिसेंबर 2018 रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक सर्टिफिकेट संपले आणि ब्रिटनच्या ओटू कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांचे इंटरनेट गेले. लंडनच्या बसथांब्यांवरचे वेळदर्शक फलकसुद्धा थंडावले. जपानच्या सॉफ्टबँकलाही त्याच दिवशी फटका बसला. 3 फेब्रुवारी 2020 ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद होते, कारण तेच. फायरफॉक्स ब्राउझरच्या सर्टिफिकेटची मुदत 4 मे 2019 रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांच्या आत सरली आणि जगभरच्या वापरकर्त्यांची जोड-साधने एकेक करून बंद पडत गेली. सर्टिफिकेटवरची वेळ ग्रीनिचची असते. तिथे मध्यरात्र, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. गोठ्यात धारा चाललेल्या असतात आणि संगणकवाला साखरझोपेत.

ॲपलने 2016 पासून सोपी वाट दिली आहे. मुदत नसलेली एक किल्ली घ्यायची आणि तिच्या जोरावर तासाभराचे डिजिटल पास सर्व्हरनेच बनवत राहायचे. ही किल्ली एकदाच डाउनलोड होते, म्हणून ती जपून ठेवावी लागते. गुगलनेही 2024 मध्ये जुन्या कायमच्या किल्ल्या मोडीत काढून अल्पायुषी पास सक्तीचे केले. तरी कटकट संपत नाही, कारण पोस्टमनचीही कागदपत्रे बदलतात. 24 फेब्रुवारी 2025 रोजी ॲपलने आपल्या बाजूचे सर्टिफिकेट बदलले. ज्या सर्व्हरना नवी सही ओळखता येणार नव्हती, त्यांना आधीच सावध करावे लागले.

संकेतस्थळांच्या सर्टिफिकेटांचे आयुष्य तर आखडतच चालले आहे. एप्रिल 2025 मध्ये ठरलेल्या नियमानुसार 15 मार्च 2026 पासून कमाल मुदत 200 दिवस, पुढच्या वर्षी 100, आणि 15 मार्च 2029 पासून फक्त 47. म्हणजे चार-पाच महिन्यांच्या एका गाळप हंगामात तीनदा नूतनीकरण. तुमच्या संस्थेचे ॲप कोणी सांभाळत असेल, तर त्याला आजच दोन गोष्टी विचारा: सर्टिफिकेटची तारीख कोणती, आणि खाते कोणाच्या नावावर आहे?